किलिमांजारो : विरळ हवेतील संथ चाल

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई हे १६४६ मीटर उंच आहे. टांझानियातील किलिमांजारोवर मचामे मार्गाने जायचे ठरवले, तर ज्या प्रवेशद्वारापाशी नाव नोंदवून पहिले पाऊल टाकायचे, तेच मुळी सुमारे १८०० मीटर उंचीवर आहे. आपल्या राज्याचा माथा जिथे संपतो त्याच्याही वरून तिथली चाल सुरू होते, आणि तिथून ५८९५ मीटरचे उहुरू शिखर आणखी चार किलोमीटर उभे वर असते. नाशिकला आयुष्य गेल्यामुळे अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, साल्हेर हे सगळे डोंगर पायाखालचे होते, पण हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा लक्षात आले की आजवर चढले ते सगळे एका अर्थाने एकाच हवेतले होते. या वेळी हवा बदलणार होती.

किलिमांजारोच का, याचे कारण माझ्या विषयात आहे. कनिष्ठ महाविद्यालयात मी वनस्पतिशास्त्र शिकवले. उंचीनुसार वनस्पतींचे पट्टे कसे बदलतात हे शिकवताना विषुववृत्ताजवळच्या या एकाकी पर्वताचा उभा छेद फळ्यावर कितीतरी वेळा काढला असेल. पायथ्याशी केळी आणि कॉफी, त्यावर पावसाळी अरण्य, त्यावर झुडपांचा पट्टा, मग उंचावरचे वाळवंट आणि शेवटी बर्फ. निवृत्तीनंतर तो छेद पायांनी चढून पाहावा असे मनाने घेतले. पुण्यात नोकरी करणारी भाची बरोबर यायला तयार झाली. ती मॅरेथॉन धावणारी आहे, त्यामुळे घरच्यांना तिची काळजी नव्हती; जी होती ती सगळी माझी होती.

तयारीचे दोन भाग होते आणि त्यांतला एकच आमच्या हातात होता. पायांची ताकद, गुडघ्यांची सवय आणि पाठीवर ओझे घेऊन पाच-सहा तास चालण्याचा दम हे घरी राहून कमावता येते. आम्ही लागोपाठच्या दोन दिवशी दोन डोंगर करत असू, कारण एका दिवसाच्या चढाईला शरीर कसेही निभावून नेते, खरा कस दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना लागतो. उतरण्याचा सरावही मुद्दाम केला. पण विरळ हवेची सवय नाशिकमध्ये बसून होत नाही, पुण्यात धावूनही होत नाही. हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण उंचावरही सुमारे एकवीस टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि किलिमांजारोच्या माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन निम्माच येतो. शरीर यावर उपाय करते. श्वास जलद आणि खोल होतो, त्यामुळे जास्त कार्बन डायॉक्साइड बाहेर जाऊन रक्ताची आम्लता घटते, आणि हा बिघडलेला समतोल मूत्रपिंडे बायकार्बोनेट बाहेर टाकून हळूहळू सावरतात. या सावरण्याला दिवस लागतात, तास नव्हेत. तंदुरुस्त माणसाची मूत्रपिंडे हे काम अधिक वेगाने करतील असे काही नसते, आणि या गोष्टीचे महत्त्व मला पुढे फार जवळून कळणार होते.

आमच्या डॉक्टरांनी रक्तदाब, हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख असे सगळे तपासून घेतले आणि सल्फा औषधांची ॲलर्जी नाही याची खात्री करून ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या लिहून दिल्या. हे औषध मूत्रपिंडांचे तेच काम थोडे लवकर घडवून आणते. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावे लागते, हे त्यांनी आधीच सांगितले होते. मध्यरात्री, गोठवणाऱ्या थंडीत, तंबूची चेन उघडून बाहेर पडण्याच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट किरकोळ नाही. गोळी त्रास कमी करते, पण वेगाने वर जाण्याची परवानगी देत नाही, हेही त्यांनी बजावले होते.

मार्गाची निवड मी बरेच वाचून केली. मचामे मार्ग सहा दिवसांत करता येतो आणि सातांतही. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क दिवसांच्या हिशेबाने आकारले जात असल्यामुळे सहाचा कार्यक्रम साहजिकच स्वस्त पडतो. आम्ही कारंगा येथील जादा मुक्काम धरून सातांचा घेतला. या पर्वतावर पैसा वाचवायचा असेल तर तो बुटांत वाचवू नये, झोपायच्या पिशवीत वाचवू नये आणि दिवसांत तर मुळीच वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबईहून आदिस अबाबा, तिथून किलिमांजारो विमानतळ आणि मग मोशी हे गाव, एवढा प्रवास सरळ झाला. फेब्रुवारी हा तिथला कोरडा काळ. मार्च ते मे या महिन्यांत मोठा पाऊस असतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास छोटा. माघी पौर्णिमेच्या आसपास माथ्याची रात्र यावी अशा बेताने आम्ही तारखा ठरवल्या होत्या. मोशीहून प्रवेशद्वाराकडे जाताना चागा लोकांच्या वाड्या लागल्या. उंच झाडांच्या सावलीत केळी, केळीच्या सावलीत कॉफी आणि तिच्या पायाशी भाजीपाला, अशी ती मजल्यामजल्यांची शेती. कोकणातल्या कुळागरात वाढलेल्या कुणालाही ती परकी वाटणार नाही.

मचामेच्या प्रवेशद्वारापाशी सगळ्यांत आधी नजरेस पडतो तो वजनकाटा. पोर्टरच्या डोक्यावरचा भार २० किलोंपेक्षा जास्त नसावा असा नियम आहे, आणि वनरक्षक प्रत्येक पिशवी काट्याला लावूनच पुढे सोडतात. आमच्या दोघींसाठी प्रमुख गाईड, साहाय्यक गाईड, स्वयंपाकी आणि पोर्टर अशी मिळून दहाएक माणसे होती. तंबू, शेगडी, गॅस, अंडी, भाज्या, खुर्च्या असे सारे त्यांच्या डोक्या-मानेवरून वर जाणार होते, आणि आमच्या पाठीवर फक्त पाणी, पावसाळी कपडे आणि खाऊ एवढाच भार राहणार होता. सह्याद्रीत स्वतःची सॅक स्वतः वाहण्याचा अभिमान बाळगणाऱ्या मला हे सहज पचले नाही. पण तिथे परवानाधारक गाईडशिवाय चढता येत नाही आणि या हंगामी मजुरीवर पायथ्याच्या कितीतरी घरांचा संसार चालतो. तेव्हा अवघडून बसण्यापेक्षा त्यांच्या मजुरीची, जेवणाची आणि अंगावरच्या कपड्यांची चौकशी आधी करणे अधिक उपयोगाचे असते. ती चौकशी आम्ही कंपनी निवडतानाच केली होती. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे घरून कापडी पिशव्यांत बांधून नेलेले लाडू आणि शेंगदाण्याची चटणी त्याच रूपात वर गेली.

पहिला दिवस अरण्याचा. वाट रुंद, ओली आणि वर वर जाणारी, आणि दोन्ही बाजूंना पोडोकार्पस, कापराचे प्रचंड वृक्ष, नेचांची झाडे. हो, झाडेच; पुरुषभर उंचीच्या खोडावर छत्री धरल्यासारखी पाने. वाटेच्या कडेला एके ठिकाणी मी थबकले. लालभडक, मागे पिवळ्या आकड्यासारखी सोंड वळलेले एक चिमुकले फूल ओल्या दरडीवर लटकत होते. इम्पेशन्स किलिमांजारी. आपल्या तेरड्याचा हा सख्खा भाईबंद फक्त याच पर्वताच्या अरण्यात सापडतो, अन्यत्र कुठेही नाही. श्रावणात अंजनेरीच्या पठारावर गुडघाभर तेरडा तुडवत गेलेली मी त्या एका फुलापुढे बराच वेळ उकिडवी बसून राहिले. साहाय्यक गाईडला वाटले की मला चक्कर आली.

चालीबद्दल पहिल्या तासातच शिकवण मिळाली. गाईड सगळ्यांच्या पुढे राहतो आणि त्याला कुणीही ओलांडायचे नाही, हा नियम. त्याची चाल इतकी संथ होती की सुरुवातीला पाय अडखळत होते. एक पाऊल टाकून दुसरे उचलण्याआधी मध्ये रिकामी जागा उरल्यासारखी वाटत होती. ‘पोले पोले’, म्हणजे सावकाश, हे शब्द दिवसातून शेकडो वेळा कानावर पडतात. वारीत दिंडीच्या मागे राहून, न थांबता आणि न धापता, दिवसभर एकाच लयीत चालणाऱ्या सत्तरीच्या आजी मी पाहिल्या आहेत. गाईडची चाल नेमकी तशीच होती. नाकाने श्वास घेत बोलता आले पाहिजे, आणि बोलताना दम लागला तर वेग जास्त आहे असे समजावे, ही त्याने दिलेली कसोटी. भाचीला हे फार जड गेले. तिच्या पायांना वेगाची सवय होती आणि मोकळी वाट दिसली की ती नकळत गाईडच्या टाचेला जाऊन भिडत असे. तो दर वेळी हसून तिला मागे घेई.

दुसऱ्या दिवशी अरण्य जणू एका रेषेवर संपले आणि झाडांएवढ्या उंच एरिकाच्या झुडपांत आम्ही शिरलो. त्यांच्या फांद्यांवरून करड्या-हिरव्या दाढ्या लोंबतात. मसाल्यातले दगडफूल ज्या लायकेन वर्गात मोडते त्याच वर्गातील ही उस्निया. धुक्यातले पाणी टिपून ती जगते. शिराच्या मुक्कामी, सुमारे ३८०० मीटरवर, ढग पायाखाली राहिले आणि पश्चिमेला मेरू हा ज्वालामुखी ढगांतून डोके काढून उभा दिसला. इथपासून रोज सकाळ-संध्याकाळ तपासणी होऊ लागली. करोनाच्या काळात आपल्या घराघरांत शिरलेला ऑक्सिमीटरच गाईड बोटाला लावतो, आकडा वहीत लिहितो आणि मग ठरावीक प्रश्न विचारतो. डोके दुखते का, भूक आहे का, मळमळते का, झोप लागली का, चक्कर येते का. प्रत्येक उत्तराला गुण असतात. आकड्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व या उत्तरांना असते आणि ती खरी द्यायची असतात. त्रास लपवला तर त्याचा खरा धोका लपवणाऱ्यालाच असतो, हे त्याने पहिल्याच संध्याकाळी गंभीरपणे सांगितले होते.

झोपेचा एक विलक्षण अनुभव इथे आला. डोळा लागला की श्वास उथळ होत होत क्षणभर थांबतो आणि मग एकदम मोठा श्वास घेऊन माणूस दचकून जागा होतो. उंचावर हे बहुतेकांना होते आणि तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नसते. हे मला आधी ठाऊक नसते, तर ती रात्र भीतीत गेली असती.

तिसरा दिवस या मार्गाचा गाभा आहे. शिराहून ४६३० मीटरवरील लाव्हा टॉवर या काळ्या सुळक्यापर्यंत चढायचे, तिथे जेवून थोडा वेळ बसायचे आणि मग पुन्हा ३९७६ मीटरवरील बॅरांको मुक्कामापर्यंत उतरायचे. उंच चढून खाली झोपावे, या तत्त्वाची ही प्रत्यक्ष अंमलबजावणी. वर शरीराला कमी ऑक्सिजनची जाणीव द्यायची आणि रात्री त्याला सावरायला थोडी दाट हवा द्यायची. कमावलेली उंची सोडून खाली जाताना मन कुरकुरते, पण लाव्हा टॉवरपाशी कपाळाच्या दोन्ही बाजूंना सुरू झालेला ठणका बॅरांकोला पोचेपर्यंत माझ्या बाबतीत पूर्ण निवला, आणि कागदावर वाचलेली गोष्ट देहाला पटली. भाचीचा ठणका मात्र संध्याकाळपर्यंत रेंगाळला. तिने तो सांगितला आणि वहीत त्याची नोंद झाली.

बॅरांकोच्या दरीत मी ज्यासाठी आले होते ते होते. डेंड्रोसेनेसिओ किलिमांजारी. शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातली ही वनस्पती इथे दोन-तीन पुरुष उंचीचे झाड होऊन उभी असते. जाड खोड, त्याला मोजक्या फांद्या आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला कोबीएवढ्या पानांचा झुबका. इथे दिवसा ऊन भाजून काढते आणि रात्री पाणी गोठते, म्हणजे दर चोवीस तासांत एक उन्हाळा आणि एक हिवाळा. म्हणून हे झाड वाळलेली पाने गाळत नाही. ती खोडाभोवती थरावर थर तशीच राहतात आणि आतल्या भेंडात साठवलेले पाणी गोठण्यापासून वाचवतात. मी हातमोजा काढून त्या वाळक्या पानांच्या थरात बोटे सरकवली. बाहेर वारा झोंबत होता आणि आत, दोन इंचांवर, बोटांना स्पष्ट ऊब लागली. जवळच लोबेलिया डेकेनी होती. महाबळेश्वरकडे ढवळ किंवा देवनळ म्हणून ओळखली जाणारी आपली लोबेलिया हिचीच बहीण. हिच्या पानांच्या गुच्छात पाणी साठते, रात्री त्या पाण्याच्या पृष्ठभागावर बर्फाची चकती धरते आणि तिच्याखालचा कोंब सुरक्षित राहतो. संध्याकाळी पाने मिटतात. वर्गात ज्याला मी ‘अनुकूलन’ म्हणून दोन ओळींत संपवत असे, ते समोर उभे होते आणि मला तिथून हलावेसे वाटत नव्हते.

पुढच्या सकाळची बॅरांकोची भिंत ऐकायला भयंकर वाटते. सुमारे अडीचशे मीटरांचा तो कडा हातांचा आधार घेऊन चढायचा असतो. सह्याद्रीत कातळटप्पे केलेल्या माणसाला तिथे अडचण येत नाही. उलट पायाला नीट खोबण मिळते याचा आनंदच होतो. मला धास्ती वाटली ती पोर्टरांसाठी. डोक्यावर गाठोडे, एक हात त्याला लावलेला आणि दुसऱ्या हाताने खडक धरून ते आमच्या शेजारून वर जात होते. त्यांना वाट देण्यासाठी कड्याला पाठ लावून उभे राहायचे, आणि दरीच्या बाजूला नव्हे तर आतल्या अंगाला, एवढी शिस्त पाहुण्यांनी पाळलीच पाहिजे.

कारंगा येथे थांबण्याचे आणखी एक महत्त्व आहे. मचामे मार्गावरचे पाण्याचे शेवटचे ठिकाण म्हणजे कारंगाची दरी. त्यापुढच्या बराफू मुक्कामी, ४६७३ मीटरवर, पाणी नाही. तिथे पिण्यासाठी, चहासाठी, स्वयंपाकासाठी जे लागेल ते सगळे इथून भरून डोक्यावरून वर न्यावे लागते. पुढल्या दिवशी बराफूला तंबूत आल्याचा चहा हातात आला, तेव्हा तो पेला मी दोन्ही हातांत धरून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले, कारण त्या पाण्याचा प्रवास मी डोळ्यांनी पाहिला होता.

जेवणाची गोष्ट इथेच सांगते. स्वयंपाकी रोज संध्याकाळी चहाबरोबर ताज्या लाह्या देई आणि जेवणात भाज्यांचे गरम सार, भात, बटाटे असत. चवीला सगळे चांगले असूनही चार हजार मीटरच्या वर अन्नावरची वासना उडते. नको वाटले तरी खायचे असते, कारण शरीर जळत असते. अशा वेळी घरून नेलेले मेतकूट कामी आले. गरम मऊ भात, मेतकूट आणि डबीतले चमचाभर तूप हे दोघींनाही गेले. स्वयंपाक्याने वास घेऊन पाहिला, चव घेतली आणि पुढच्या वेळी भात आपण होऊन अधिक मऊ शिजवला.

बराफूच्या खडकाळ कण्यावर दुपारी पोचलो. तिथे करायचे असते ते एवढेच की खायचे, पाणी प्यायचे आणि पडून राहायचे. मध्यरात्रीच्या सुमारास निघायचे होते. हेडटॉर्चचे सेल थंडीत लवकर बसतात म्हणून ते झोपायच्या पिशवीत घेतले, पाण्याच्या बाटल्या मोज्यांत घालून उलट्या ठेवल्या, कारण पाणी वरून गोठत येते आणि बाटली उलटी असली तर झाकणापाशी ते पातळ राहते. नळीने पाणी पिणाऱ्यांनी प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी परत पिशवीत ढकलावे, नाहीतर नळी गोठते. भाचीला पुन्हा डोकेदुखी होती, पण संध्याकाळच्या तपासणीत बाकी लक्षणे नव्हती आणि गाईडने सावधपणे होकार दिला.

निघालो तेव्हा चंद्र जवळजवळ डोक्यावर होता, आणि दिव्यांची गरज फारशी नव्हती. बराफूपासून माथा बाराशे मीटरहून अधिक वर आहे आणि वाट नागमोडी, भुसभुशीत खडीची. प्रमुख गाईड पुढे, मग मी, मग भाची आणि शेवटी साहाय्यक गाईड. बोलणे हळूहळू बंद झाले. एका पावलाला एक श्वास, पुढे पुढे एका पावलाला दोन. साधारण पाच हजार मीटरच्या वर गेल्यावर भाचीला उलटी झाली. उंचावर एखादी उलटी होते आणि माणूस सावरतो, म्हणून तिला बसवून पाणी दिले. थोडे पुढे गेल्यावर साहाय्यक गाईडने मागून हाक मारली. तिची पावले वाकडी पडत होती. प्रमुख गाईडने तिला एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. ती तिसऱ्या पावलाला बाजूला कलंडली. पुन्हा करायला सांगितले, पुन्हा तेच.

तोल जाणे हे मेंदूला सूज येऊ लागल्याचे लक्षण असू शकते आणि त्यावरचा खरा उपचार एकच, तो म्हणजे तत्काळ खाली उतरणे. गाईडने क्षणभरही चर्चा केली नाही. साहाय्यक गाईड तिला घेऊन बराफूला आणि तिथे न थांबता थेट ३८०० मीटरच्या आसपास असलेल्या मिलेनियम मुक्कामापर्यंत उतरणार, बराफूहून एक पोर्टर ऑक्सिजनचे नळकांडे घेऊन सोबत जाणार, असे त्याने दोन वाक्यांत सांगितले. मी तिच्याबरोबर उतरायला निघाले, तेव्हा त्याने मला थांबवून स्पष्ट सांगितले की तिला हवा आहे तो वेग आणि तिला सावरू शकणारी दोन दणकट माणसे. मी सोबत गेले, तर त्यांचे लक्ष दोघींत विभागेल. भाची खडकावर बसून होती. “मावशी, तू जा गं. मी खाली जाऊन झोपते,” एवढेच ती म्हणाली आणि तिचे शब्द जड येत होते, याने मला अधिक भीती वाटली. मी तिच्या जाकिटाची टोपी नीट बांधली, आणि ते दोघे वेगाने खाली निघाले. मी पुढे गेले. यावरून घरी परतल्यावर माझ्या बहिणीचे आणि माझे एकमत झाले नाही. गाईडचे म्हणणे बरोबर होते असे मी आजही मानते, आणि आईच्या जागी मी असते तर मलाही ते पटले नसते, हेही जाणते.

पुढचे तास कसोटीचे होते. थंडी उणे दहाच्या कितीतरी खाली असावी. दोन मोज्यांच्या आत बोटे आहेत की नाहीत हे समजेना, तेव्हा गाईडने माझे हात स्वतःच्या जाकिटात घेऊन चोळले. वर बघायचे नाही, फक्त त्याच्या बुटांच्या टाचांकडे बघायचे, हे त्याने सांगितले होते आणि मी तेच केले. खालून मिलेनियमला पोचल्याचा निरोप वॉकी-टॉकीवर आला तेव्हा पूर्वेला मावेन्झीच्या काळ्या दातेरी शिखरामागे तांबडे फुटत होते. ती आता सरळ चालते आहे, डोके दुखणे उतरले आहे, एवढे गाईडने ऐकून मला सांगितले. मी तिथेच खडीवर बसले आणि मनसोक्त रडले. त्यानंतरचा चढ हलका झाला असे म्हणणे खोटे ठरेल, पण पाऊल उचलताना मन मागे ओढत नव्हते.

५७५६ मीटरवरील स्टेला पॉइंटला ज्वालामुखीच्या मुखाची कड लागते. तिथून उहुरू शिखरापर्यंतची वाट सौम्य चढाची आहे आणि तरी तिला तासभर लागतो. डाव्या हाताला हिमनद्यांच्या उभ्या, निळसर भिंती दिसत राहतात. १९१२ साली या पर्वतावर जितके बर्फ होते त्यातील सुमारे ८५ टक्के २००७ पर्यंत नाहीसे झाले होते. फळ्यावरच्या माझ्या छेदात सर्वांत वरचा पट्टा मी पांढऱ्या खडूने ठळक रंगवत असे. प्रत्यक्षात तो पट्टा आता पट्टा राहिलेला नाही, काही तुकडे उरले आहेत, आणि त्यांच्यामधून राखाडी वाळू दिसते. हे पाहून झालेले दुःख शिखराच्या आनंदाइतकेच खरे होते.

हान्स मायर आणि लुडविग पुर्टशेलर १८८९ साली या माथ्यावर पोचले. जर्मन राजवटीत शिखराला त्यांच्या सम्राटाचे नाव होते. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, स्वतंत्र झाला तेव्हा लेफ्टनंट अलेक्झांडर न्यिरेंडा यांनी इथे नव्या राष्ट्राचा झेंडा आणि मशाल रोवली आणि शिखर ‘उहुरू’, म्हणजे स्वातंत्र्य, झाले. फलकापाशी गाईडने हे सगळे मला सांगितले, ते एखाद्या प्रवासी माहितीसारखे नव्हे तर घरच्या गोष्टीसारखे. मी फलकाला हात लावला, चहूकडे पाहिले, आणि पंधरा-वीस मिनिटांत त्याने उतरायला लावले, कारण तिथे रेंगाळणे शरीराला परवडत नाही.

उतार हा या पर्वताचा दुर्लक्षित भाग आहे. माथ्यापासून बराफूपर्यंत खडीत घोट्यापर्यंत पाय रुतवत घसरत यायचे, तिथे तासभर विश्रांती, आणि मग त्याच दिवशी म्वेका मुक्कामापर्यंत, म्हणजे ३१०० मीटरपर्यंत उतरायचे. माथ्याच्या दिवशी चढाई बाराशे मीटरची आणि उतराई त्याच्या दुपटीहून जास्त. नाशिकला केलेला उतरण्याचा सराव इथे कामी आला. काठ्या नसत्या तर गुडघ्यांनी हात टेकले असते. भाची मिलेनियमला माझी वाट पाहत तंबूबाहेर खुर्चीवर बसली होती आणि वाटीतून काहीतरी खात होती. उरलेले मेतकूट तिने भातावर संपवले होते. ऑक्सिमीटरचा आकडा, सरळ रेषेतली चाल, प्रश्नांची उत्तरे हे सगळे गाईडने माझ्यासमोर पुन्हा तपासले आणि मगच आम्ही म्वेकाकडे निघालो.

दुसऱ्या दिवशी म्वेकाच्या प्रवेशद्वारापाशी शेवटची नोंद करायची होती. नाव, वय, व्यवसाय, गाठलेली उंची. माथ्यापर्यंत गेलेल्यांना एक प्रमाणपत्र मिळते आणि ज्वालामुखीच्या कडेपर्यंत गेलेल्यांना दुसरे; त्याच्या खालून परतलेल्यांना नाही. भाचीने रकान्यात पाच हजार लिहिले आणि सही केली. बक्षिसीची रक्कम आम्ही आधीच वेगवेगळ्या पाकिटांत घातली होती. ती सगळ्यांसमोर, ज्याची त्याच्या हातात दिली. बक्षिसीबाबत हीच पद्धत योग्य आहे, कारण मग शेवटच्या पोर्टरपर्यंत त्याचा वाटा पोचला याविषयी शंका उरत नाही. निघताना भाचीने प्रमुख गाईडला विचारले की पुन्हा यायचे झाले तर काय बदलावे. त्याने सांगितले की लेमोशो मार्ग घ्यावा, त्याला आठ दिवस द्यावेत, त्याआधी मेरूवर जाऊन शरीराला उंचीची ओळख करून द्यावी, आणि सगळ्यात आधी भारतात परतल्यावर डॉक्टरांना भेटून या रात्रीचे सगळे सांगावे. तिने ते सगळे वहीत उतरवून घेतले आणि पुण्याला आल्यावर पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली.